पावसाळ्यात डागाळणारी रेषा: पायरोग्राफीतील नेहमीच्या बिघाडाचे निदान आणि उपाय

ठाणे आणि नवी मुंबईत पायरोग्राफी करणाऱ्यांची, म्हणजे तापलेल्या निबने लाकडावर चित्र जाळून काढणाऱ्यांची, एक तक्रार दर जूनमध्ये नव्याने सुरू होते आणि ऑक्टोबरच्या उन्हाबरोबर बहुधा आपोआप मिटते. एप्रिलमध्ये ज्या पेनने स्वच्छ आणि एकसारखी रेषा उमटत होती, त्याच पेनची रेषा आता कुठे काळीकुट्ट तर कुठे फिकट तपकिरी येते. प्रत्येक फटकाऱ्याच्या आरंभी एक गोल ठिपका बसतो. आणि रेषेच्या दोन्ही कडांना करपल्यासारखी धुरकट झालर दिसते. वारली पद्धतीच्या तारपा नृत्याचे वर्तुळ आणि खाडीतल्या रोहित पक्ष्याची, म्हणजे फ्लेमिंगोची, लांब मान या दोन ठिकाणी हा दोष सर्वांत आधी नजरेस येतो, कारण दोन्ही आकारांत एकच बारीक रेषा न तुटता दूरपर्यंत वळत जाते आणि तिच्यातील चढउतार झाकायला आजूबाजूला काहीही नसते.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे पेनचे तापमान वाढवणे. त्याने फिकट जागा गडद होतात खऱ्या, पण मुळात गडद असलेल्या जागा खोल जळतात, झालर रुंदावते, निबवर काजळी अधिक वेगाने साचते आणि काजळीमुळे उष्णता नीट पोहोचत नसल्याने पुढच्या बैठकीत तापमान आणखी वाढवावे लागते. बिघाड दरवर्षी परत येतो त्याचे कारण हवेत आणि लाकडात असते. तो महिनोन्‌महिने टिकून राहतो त्याचे कारण मात्र बहुतेक वेळा हा उपायच असतो. म्हणून पेनच्या बटणाला हात लावण्यापूर्वी दोष लाकडाचा आहे, पेनचा आहे की हाताचा, हे ठरवणे आवश्यक आहे, आणि ते ठरवायला एक कंपास व फळीचा एक तुकडा पुरतो.

दोन वर्तुळांची चाचणी

ज्या फळीवर चित्र काढायचे आहे तिचाच कापून उरलेला तुकडा घ्यावा; तो नसेल तर फळीची मागची बाजू वापरावी. दुसऱ्या लाकडावर केलेली चाचणी येथे निरुपयोगी ठरते. तुकड्यावर लाकडाच्या शिरा ज्या दिशेने धावतात ती दिशा पेन्सिलीने बाण काढून दाखवावी आणि शेजारी शेजारी साधारण ६ सेंटीमीटर व्यासाची दोन वर्तुळे आखावीत. पहिले वर्तुळ वरच्या टोकापासून, म्हणजे घड्याळातील बाराच्या जागेपासून, आणि दुसरे तीनच्या जागेपासून सुरू करावे. दोन्ही वेळा पेन नेहमीच्या तापमानावर ठेवावे, हात जागेवर ठेवून फळी फिरवावी आणि शक्यतो न थांबता वर्तुळ पूर्ण करावे.

आता दोन्ही वर्तुळे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. गडद डाग ज्या ज्या ठिकाणी सुरुवात केली तेथेच बसला असेल, म्हणजे एका वर्तुळात बारावर आणि दुसऱ्यात तीनवर, तर दोष निब लाकडावर टेकवण्याच्या पद्धतीत किंवा पेनच्या उष्णतेच्या पुरवठ्यात आहे. सुरुवात कोठूनही केली तरी डाग दोन्ही वर्तुळांत एकाच जागी येत असतील, विशेषतः शिरांना आडव्या जाणाऱ्या भागात रेषा उसळ्या मारत असेल आणि शिरांना समांतर भागात घसरत असेल, तर दोष लाकडाच्या जातीचा आहे. डाग दोन्ही वर्तुळांत कोणत्याही क्रमाविना विखुरलेले असतील तर ओलावा, हाताचा घाम किंवा पृष्ठभागावरील मळ यांचा संशय घ्यावा. डाग नसून सगळ्या वर्तुळाला सारखीच तपकिरी झालर असेल, तर तापमान गरजेपेक्षा जास्त आहे किंवा हात फार सावकाश चालतो आहे, इतकेच. जुलै महिन्यात आपल्याकडे तिसऱ्या प्रकारचे वर्तुळ सर्वाधिक वेळा दिसते, आणि पुष्कळदा त्यावर चौथ्याचे आवरण चढलेले असते, कारण चाचणी होण्याआधीच तापमान वाढवून झालेले असते.

लाकडातील पाणी

लाकूड वाळले की ते कायमचे वाळले, ही समजूत या बिघाडाच्या मुळाशी आहे. लाकूड भोवतालच्या हवेशी सतत पाण्याची देवाणघेवाण करत असते आणि हवेच्या आर्द्रतेनुसार एका ठरावीक ओलाव्यावर येऊन स्थिरावते. तापमान ३० अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर हा ओलावा लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के असतो. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली, की तो १७ ते १८ टक्क्यांपर्यंत चढतो. खाडीकाठच्या ऐरोली-वाशीत काय किंवा येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या ठाण्यात काय, पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे हवा अशीच असते. वखारवाला 'माल एकदम सुका आहे' असे सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. भट्टीतून निघाला तेव्हा माल सुकाच होता, पण त्यानंतर तो जूनभर वखारीत उभा होता.

हे पाणी रेषेचे काय करते, याचा ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. लाकूड तपकिरी होण्यास त्यातील हेमिसेल्युलोज या घटकाचे विघटन व्हावे लागते आणि ते साधारण २०० अंशांच्या पुढे वेग घेते. १ ग्रॅम कोरडे लाकूड ३० अंशांपासून २३० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ३०० ज्यूल उष्णता पुरते. १ ग्रॅम पाणी उकळून उडवून लावण्यास मात्र अडीच हजार ज्यूलहून अधिक उष्णता लागते. म्हणजे ९ टक्के ओलावा असलेल्या लाकडात त्या ३०० ज्यूलवर पाण्यासाठी सुमारे २३० ज्यूलची भर पडते, तर १७ टक्के ओलावा असेल तर सुमारे ४३० ज्यूलची. एकूण मागणी एक तृतीयांशाहून अधिक वाढते आणि त्यातील मोठा हिस्सा निव्वळ वाफ करण्यात जातो. एवढेच असते तर तापमान वाढवून भागले असते. अडचण अशी, की ओलावा फळीत सर्वत्र सारखा नसतो. टोकांकडे, गाठीभोवती, हात टेकलेल्या जागी आणि गेल्या तासाभरात हवेला उघड्या राहिलेल्या पृष्ठभागावर तो अधिक असतो. ओल्या जागेसाठी बेतलेले तापमान दोन मिलिमीटर पुढच्या कोरड्या जागेला जाळून काढते, आणि त्यातून ती काळी-फिकट, तुटक दिसणारी रेषा तयार होते.

ओलावा मोजण्यासाठी दोन सुयांचे मॉइश्चर मीटर मिळते आणि नियमित काम करणाऱ्याने ते घ्यावे असे माझे मत आहे, परंतु स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाट्यावरही काम भागते. कोरडे वजन ६०० ग्रॅम असलेली फळी ९ टक्के ओलाव्याला ६५४ ग्रॅम भरते आणि १७ टक्क्यांना ७०२ ग्रॅम. जवळजवळ ५० ग्रॅमचा हा फरक १ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या साध्या काट्यावर सहज दिसतो. फळी आणल्या दिवशी तिचे वजन मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवावे आणि सुकवायला ठेवल्यानंतर दोन-दोन दिवसांनी पुन्हा करून पाहावे. वजन उतरायचे थांबले, की फळी त्या जागेच्या हवेशी जुळली असे समजावे.

सुकवायचे कोठे, हा प्रश्न फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना नेहमी पडतो. पेटी-तबला सांभाळणाऱ्या घरांत पावसाळ्यात कपाटात बारीक दिवा लावून ठेवण्याची जुनी रीत आहे. ती येथे तंतोतंत लागू पडते. बाहेरची हवा २८ अंशांची आणि ८५ टक्के आर्द्रतेची असेल आणि कपाटातील हवा दिव्यामुळे केवळ ५ अंशांनी गरम झाली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ६४ टक्क्यांच्या आसपास येते, आणि त्या हवेत लाकूड ११ ते १२ टक्क्यांवर स्थिरावते. पायरोग्राफीसाठी एवढे पुरेसे आहे. दिवा जुन्या पद्धतीचा, तारेचा, १५ किंवा २५ वॅटचा हवा. एलईडी दिवा पुरेसा तापत नाही. तो चिनी मातीच्या होल्डरमध्ये, लाकूड आणि कापड यांपासून किमान एक वीत दूर असावा, आणि कपाटाचे दार बोटभर उघडे राहावे, अन्यथा लाकडातून निघालेले पाणी आतच फिरत राहते. फळ्या एकमेकींवर थेट न रचता मध्ये बारीक काठ्या घालून रचाव्यात. १२ मिलिमीटर जाडीच्या फळीला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. घरात एसीची खोली असेल तर तीही चालते, कारण एसी हवेतील पाणी काढून टाकतो. ओव्हन, हेअर ड्रायर किंवा मायक्रोवेव्ह वापरून घाई करू नये; वरचा थर आक्रसतो, आतला ओला राहतो आणि फळी वाकते किंवा चिरते. दोन सरींमधल्या उन्हात गच्चीवर टाकलेल्या फळीचीही तीच गत होते.

सुकवलेली फळी कामाला घेतल्यावरही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तिचा पृष्ठभाग दमट हवेत काही तासांतच पुन्हा ओलावा घेऊ लागतो, म्हणून काम थांबवताना ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावी. दुसरी गोष्ट तळहाताची. जुलैत तळहात सतत घामेजलेला असतो आणि लिहिताना तो टेकतो ती जागा थोड्याच वेळात चित्राखाली येणार असते. हाताखाली घडी केलेला सुती रुमाल किंवा कोरा कागद ठेवला, तर विखुरलेल्या डागांपैकी बरेच नाहीसे होतात. हा उपाय इतका साधा आहे की कोणी तो करत नाही.

लाकडाच्या शिरा आणि लाकडाची निवड

वर्तुळ चाचणीत डाग शिरांच्या मागे जात असतील, तर कितीही सुकवून उपयोग नाही. पाईनच्या फळीत वाढीच्या प्रत्येक वलयाचा एक पट्टा मऊ आणि दुसरा कठीण असतो. निब मऊ पट्ट्यात रुतते, कठीण पट्ट्यावरून घसरते, आणि गाठीपाशी राळ वितळून बुडबुडे येतात. सागवान फर्निचरसाठी कितीही उत्तम असले तरी बारीक रेषेला अनुकूल नाही, कारण त्यात तेल आहे, रंग मुळात गडद आहे आणि मोठ्या छिद्रांच्या ओळींत निब अडखळते. शिवण हे फिकट रंगाचे, हलके लाकूड या कामाला चांगले. हळदूचा पोत त्याहून बारीक आणि सारखा असतो, मात्र त्याचा पिवळा रंग फिकट छटा थोड्या गिळतो. बर्च प्लाय मिळाल्यास रोहितच्या पिसांसारख्या नाजूक कामाला तेच घ्यावे. फक्त वरचा थर पातळ असल्याने खोल जाळल्यास खालचा सरस लागतो आणि त्याचा धूर वाईट असतो.

नवी मुंबईतील टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) आणि तळोजा औद्योगिक पट्ट्यांतून निघणारे पॅकिंगचे लाकूड आणि पॅलेट स्वस्तात मिळतात, आणि पुष्कळ जण सरावासाठी तेच वापरतात. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि प्रक्रियेची अक्षरे असलेला शिक्का असतो. 'एचटी' असेल तर लाकूड केवळ तापवून निर्जंतुक केलेले असते. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, आणि असे लाकूड जाळण्यासाठी घेऊच नये. शिक्का नसलेल्या, रंगाचे किंवा तेलाचे डाग पडलेल्या फळ्यांनाही हेच लागू आहे. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीवर, रेषा फार सुबक येते, हे खरे आहे. तिच्यात शिराच नसतात. पण ती बहुधा फॉर्माल्डिहाइड असलेल्या सरसाने बांधलेली असते आणि तो धूर आपण अर्ध्या हातावरून श्वासात घेत असतो, तेव्हा सुबकपणाची ही किंमत मला मान्य नाही.

झाडाच्या फांदीच्या गोल चकत्या, सालीसकट, सध्या फार लोकप्रिय आहेत. त्यांत तंतूंची तोंडे वर असल्याने त्या हवेतील पाणी फळीपेक्षा कितीतरी लवकर घेतात आणि सोडतात. शिवाय लाकूड वलयाच्या दिशेने जेवढे आक्रसते त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याच्या दिशेने आक्रसते, त्यामुळे चकती केंद्रापासून कडेपर्यंत तडकते. पावसाळ्यात चकतीवर काम न करणे, हाच त्यावर खरा उपाय आहे.

लाकूड कोणतेही असो, पृष्ठभाग तयार करण्यात कसूर असेल तर रेषा डागाळणारच. पॉलिश पेपर १२०, १८० आणि २२० नंबर या क्रमाने, नेहमी शिरांच्या दिशेने मारावा. नंतर ओलसर फडके एकदाच फिरवून उभे राहिलेले तंतू पूर्ण सुकू द्यावेत आणि ३२० नंबरने हलकेच कापून टाकावेत. ओल्या फडक्याची ही पायरी सुकवण्यापूर्वी उरकावी. भुकटी ब्रशने झाडावी. चित्र उतरवण्यासाठी निळा किंवा काळा मेणकट कार्बन पेपर वापरू नये. त्याचे मेण लाकडात झिरपते, रेषा त्यावर अडते आणि निळी कड खोडरबरने जात नाही. ग्राफाइटचा कागद वापरावा आणि त्याचीही रेघ अगदी फिकट ठेवावी, कारण ग्राफाइट या उष्णतेत जळून जात नाही आणि जळालेल्या रेषेच्या कडेला राखाडी छटा होऊन राहते.

निब, वीज आणि पंखा

डाग सुरुवातीच्या जागेबरोबर सरकत असतील तर पेनकडे वळावे. हवेत धरलेली निब लाकडाला टेकलेल्या निबपेक्षा बरीच अधिक तापलेली असते आणि पहिल्या क्षणी ती सारी साठलेली उष्णता एकाच बिंदूत उतरते. म्हणून निब टेकवण्यापूर्वी तिच्यावर एक हलकी फुंकर घालावी आणि हात आधीच चालता ठेवून ती लाकडावर उतरवावी. उचलतानाही हात चालता असतानाच उचलावी. रेषा स्वतःकडे ओढावी, पुढे ढकलू नये.

निबवरील काजळी हे दुसरे कारण. काजळी उष्णता अडवते, मग तिचा एखादा कण गळून पडतो आणि तेवढ्या भागात निब एकाएकी अधिक तापते. तारेची निब, म्हणजे वीज वाहून स्वतःच तापणारी वाकवलेली तार, गार झाल्यावर चाकूच्या पाठीने हलकेच खरवडून नंतर चामड्याच्या पट्टीवर घासावी. जुन्या चहाच्या गाळणीची जाळीही या कामी उत्तम. कानशीने किंवा खरबरीत पॉलिश पेपरने घासलेल्या निबवर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत काजळी आणखी घट्ट बसते. दमट दिवसांत निब तापमान वाढवल्यामुळे लवकर काळी पडते, तेव्हा प्रत्येक मोठ्या आकारानंतर ती पाहण्याची सवय ठेवावी.

विजेच्या दाबाचा परिणाम सोल्डरिंग आयर्नसारख्या, थेट मुख्य वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या साध्या पेनवर फार जाणवतो. अशा पेनची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब २३० व्होल्टवरून २०७ व्होल्टवर, म्हणजे १० टक्क्यांनी, उतरला तर शक्ती १९ टक्क्यांनी उतरते. संध्याकाळी इमारतीतले सगळे एसी सुरू झाल्यावर रेषा फिकट येत असेल आणि रात्री उशिरा तीच रेषा करपत असेल, तर शंका येथे घ्यावी. छोटा स्टॅबिलायझर लावला, की हा प्रश्न मिटतो. तापमान कमी-जास्त करण्यासाठी दिव्याचा डिमर अशा साध्या पेनला जोडता येतो, परंतु ट्रान्सफॉर्मर असलेल्या तारेच्या निबच्या यंत्राला तो कधीही जोडू नये.

राहिला पंखा. जुलैत पंख्याशिवाय बसणे अशक्य आहे, हे मान्य. तरीही छताचा पंखा बारीक तारेच्या निबला सतत आणि असमान गार करत राहतो, आणि रेषेतील बारीक चढउतार पुष्कळदा त्याचेच असतात. पंखा बंद करून खिडकीतील एक्झॉस्ट सुरू ठेवावा, म्हणजे हवा निबवर न आदळता धुरासह बाहेर ओढली जाईल. धूर तोंडावर येत असेल तर एन-९५ मुखपट्टी लावावी.

त्रिकोण, रोझेट आणि पिसे

येथवर सांगितलेले सर्व करूनही काही विशिष्ट आकार हट्टाने डागाळतात, आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. वारली चित्र मुळात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बांबूच्या काडीने रंगवलेले असते, म्हणजे गडद भूमीवर पांढरी आकृती. पालघर जिल्ह्यातील डहाणू परिसरात काम केलेले आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर नेली तेव्हाही भूमी आणि आकृतीचे हे नाते सुटले नाही. लाकडावर जाळताना ते उलटते: भूमी फिकट आणि आकृती गडद. माणसाचे धड दाखवणारे दोन त्रिकोण भरीव जाळावे लागतात, आणि सगळ्या चित्रात अधिकात अधिक उष्णता नेमकी त्या दोन लहान जागांत ओतली जाते.

मूळ नाते राखण्यासाठी काही जण आकृती कोरी ठेवून भोवतालची सगळी भूमी जाळतात. परिणाम देखणा असतो, पण एका बाजूने एवढी उष्णता दिल्यावर फळी वाकण्याची शक्यता मोठी असते, आणि पावसाळ्यात तर हा मार्ग मी कोणालाच सुचवणार नाही. त्रिकोणच भरायचे असतील तर ते काळे करण्याचा आग्रह सोडावा. मध्यम तपकिरी भराव भिंतीवरील चित्राच्या रंगसंगतीला अधिक जवळचा वाटतो. आधी कडेच्या रेषा जाळाव्यात, परंतु कोपऱ्यापासून सुरुवात करू नये. बाजूच्या मध्यापासून निघून कोपऱ्याच्या किंचित आधी निब उचलावी आणि उरलेला भाग दुसऱ्या बाजूने तसाच पूर्ण करावा, म्हणजे कोपरा दोनदा जळत नाही. दोन त्रिकोण कमरेपाशी मिळतात तेथे चार रेषा एकत्र येतात. तेथे केसाएवढी फट कोरीच ठेवावी, ती भराव करताना उष्णतेनेच मिटते. भराव चपट्या शेडिंग निबने, कमी तापमानावर, शिरांच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत करावा आणि दोन फेऱ्यांमध्ये लाकूड गार होऊ द्यावे. तारपा नृत्यात अशा वीस-पंचवीस आकृत्या असतील तर एक फेरी सर्वांवर फिरवून मग दुसरी सुरू करावी. थांबण्याचा वेळही वाया जात नाही आणि सर्वांची छटाही सारखी राहते.

बिबट्याच्या अंगावरील केस काढताना प्रत्येक केस हा स्वतंत्र फटकारा असतो, त्यामुळे आरंभीचा ठिपका शेकडो वेळा पडण्याची संधी मिळते. फटकारा केसाच्या मुळाकडून टोकाकडे ओढला तर हा दोष उपयोगी पडतो, कारण मुळाशी थोडी गडद छाया असणे स्वाभाविकच दिसते. येऊरच्या बिबट्याच्या रोझेटमध्ये, म्हणजे पाकळ्यांसारख्या ठिपक्यांच्या वर्तुळात, आतली जागा रिकामी असते. तेथे चुकून एखादा डाग पडला तर जाणत्याला तो दक्षिण अमेरिकेतला जॅग्वार वाटेल. म्हणून रोझेटच्या आतली छटा सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी तापमानावर द्यावी.

ठाणे खाडीतील अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीचा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, समावेश झाला. नवी मुंबईच्या भिंतींवर आणि चौकांत रोहित दिसू लागला, तसा तो लाकडावरही उतरला. या पक्ष्याचे चित्र रंगाविना काढताना जाती ओळखण्याची एक मोठी खूण चोचीत राहते: मोठ्या रोहितची चोच फिकट असून टोक काळे असते, तर लहान रोहितची चोच बरीच गडद असते. चोचीवर फाजील डाग पडला तर पक्ष्याची जातच बदलते, म्हणून चोच आधी सरावाच्या तुकड्यावर काढून पाहावी. पिसांची छटा लाकडाच्या मूळ रंगापेक्षा जेमतेम गडद असते, आणि ओलाव्यातील किंचित फरकही तेथे ढगासारखा उमटतो. लाकूड १२ टक्क्यांच्या वर असेल तर पिसांचे काम दिवाळीपर्यंत मागे ठेवावे, हेच शहाणपणाचे. तोवर खोल, ठळक रेषांचे विषय घ्यावेत. वारली पाड्यांवर वाघदेवाच्या लाकडी खांबांवर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. त्या ठसठशीत आकारांना थोडा चढउतार खपतो, किंबहुना शोभतो.

बिघडलेली रेषा

डाग पडून गेल्यावर त्यावर पुन्हा निब फिरवू नये. झालर बरीचशी वरवरची असते, कारण लाकडातून निघालेली डांबरट वाफ शेजारच्या थंड पृष्ठभागावर बसते. धारदार ब्लेड उभे धरून शिरांच्या दिशेने हलके खरवडले, की ती निघते. बारीक जागी पेन्सिलीच्या टोकाला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून वापरावा. आरंभीचा ठिपका खोल असेल तर ब्लेडने तो फिकट करता येतो, नाहीसा करता येत नाही. तेव्हा रेषेची जाडी त्या भागात हळूहळू वाढवत नेऊन त्याला सामावून घ्यावे. ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह टाळावा. डाग जात नाहीच, आणि सुकवण्यात घालवलेले दोन आठवडे मात्र जातात.

तेल किंवा पॉलिश देण्यापूर्वी फळीचे वजन पुन्हा एकदा करावे. ओल्या लाकडावर पॉलिश चढवले तर आतल्या ओलाव्यावर बुरशी धरते आणि रेषांमध्ये काळे बारीक ठिपके उमटतात, जे पाहणाऱ्याला जाळण्यातील दोष वाटतात. पॉलिश मागच्या बाजूसही द्यावे, अन्यथा फळी एकाच बाजूने पाणी घेऊन वाकेल. जवसाचे तेल वापरले असेल तर तेलाचे फडके चुरगाळून टोपलीत टाकू नये, ते आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून किंवा मोकळे पसरून वाळवून मगच टाकावे.

वजन स्थिरावलेल्या शिवणीच्या किंवा बर्चच्या तुकड्यावर, स्वच्छ निबने, पंखा बंद करून काढलेली दोन वर्तुळेही डागाळलेलीच येत असतील, तर दोष यंत्राच्या आत आहे. तारेच्या निबच्या यंत्रात प्रथम निब धरणारे स्क्रू तपासावेत. पेनची मूठ पूर्वीपेक्षा अधिक तापत असेल, तर निबला मिळायची उष्णता सैल किंवा गंजलेल्या जोडावर खर्च होत आहे असे समजावे. वीज बंद करून, यंत्र गार झाल्यावर स्क्रूखालील तारेची टोके ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत करून घट्ट बसवावीत. साध्या पेनमध्ये टोक काढून त्याच्या दांड्यावरील खपली घासून टाकावी आणि टोक पुन्हा घट्ट करावे. त्यानंतरही रेषा मध्येच फिकट पडत असेल, तर आतले एलिमेंट थकलेले आहे आणि ते बदलावे लागेल.